चावीचा ग्रुप

आमच्या गल्लीच्या तोंडाला कार्पोरेशनची चावी होती. चावी म्हणजे नळ; कोल्हापुरात आम्ही त्याला चावीच म्हणतो. घरोघरी नळ आले, चावी बंद झाली, पुढं रस्त्याच्या कामात तिचा दगडी कठडाही गेला. आम्हा पुरुषांना काही फरक पडला नाही, आम्हाला तालमीचा कट्टा होता. बायकांचं मात्र बोलणंच तुटलं. शेजारीण आजारी पडून उठली तरी कळायचं नाही.

तेव्हा माझ्या बायकोनं मोबाईलवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'चावी'. ती सातवी शिकलेली. मी चौथी नापास, सगळा जन्म फौंड्रीत लोखंडाचं बीड ओतण्यात गेला. मला ते रिकामं काम वाटलं. पण तिनं चावीवरचेच नियम तिथं लावले. सकाळी उठलं की प्रत्येकीनं घागरीचं चित्र टाकायचं, म्हणजे नंबराला घागर ठेवली. ते चित्र काही आपल्या घागरीचं नव्हे, दोन कानांचं कुठलं तरी परदेशी भांडं आहे. पण त्याला त्या घागरच म्हणतात. जिची घागर आली नाही तिच्या दारात शेजारणीनं जाऊन बघायचं. बाप्या माणूस ग्रुपात घ्यायचा नाही. आणि नवीन बाई घ्यायची तर ती फक्त हिनं घ्यायची, कारण दुसऱ्या गल्लीतली कोणी चावीवर घुसली की भांडायला हीच पुढं असायची. टाईप करायचा तिला कंटाळा. बटण दाबून बोलायची.

यंदा संक्रांत झाल्यावर ती गेली. पोटाचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, तिकडंच राहतो. तो म्हणाला, "आईचा फोन बंद करून टाकूया." मी नको म्हटलं.

तो फोन मी रोज चार्जिंगला लावायचो. वाचायला मला वेळ लागतो, पण बोललेलं ऐकता येतं. कुणाची सून उशिरा उठते, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, सगळं ऐकायचो. वर सरकवत गेलं की हिचा आवाज लागायचा. रोज एखादाच ऐकायचो. जास्त ऐकले तर संपतील, असं वाटायचं.

एक दिवस आक्का आली. आक्का म्हणजे समोरची म्हातारी, सगळी गल्ली तिला आक्काच म्हणते. चावीवर माझ्या बायकोशी सगळ्यात जास्त भांडलेली हीच, आणि दुखण्यात रोज पेज घेऊन येणारीही हीच. उंबऱ्यावरच बसली.

"दाजी, तिचा फोन चालू हाय न्हवं?"

"हाय. का?"

"का म्हंजे? आमी बोललेलं ऐकताय तुमी. कुणी ऐकलं ते दिसतंय त्यात. मेलेलं माणूस ऐकतंय म्हणून परवा एक जण भ्याली."

"ऐकलं म्हणून कुणाचं काय गेलं?"

"सुनंला नावं ठेवायची चोरी झाली, ते गेलं."

मग खरं काम सांगितलं. कोपऱ्यावरच्या घरात नवी सून आली होती, दिवसभर एकटी असायची. तिला ग्रुपात घ्यायचं होतं, पण ते हिच्या फोनावरूनच होणार. "मला ॲडमिन करा," आक्का म्हणाली.

मी नाही म्हटलं. "तू ॲडमिन झालीस की पयल्यांदा हिलाच काढणार."

"काढणारच. रोज सकाळी समद्यांच्या घागरी येत्यात, तिची येत न्हाई. मी उठून तुमच्या दाराकडं निघती आन् मग आठवतंय. तुमाला काय कळायचं त्यातलं."

मग मी खरं ते बोललो. "तिला काढलं की तिचा आवाज पुसला जाईल. मला तेवढाच उरलाय. फोटोत ती बोलत न्हाई."

आक्का कमरेच्या पिशवीतून आपला फोन काढून बोट फिरवत बसली. बराच वेळ गेला. आणि बायकोचा आवाज आला. "अगं, आज पाणी बारीक यायलंय. मोठी भांडी आदी भरून घ्या, धुणं उद्या. आन् आक्काला उठवा कोण तरी, घोरत आसंल."

हा आवाज मी ऐकलेला नव्हता. मी तेवढ्या मागं गेलोच नव्हतो.

"बीड वतून वतून डोस्कं पण बिडाचं झालंय तुमचं," आक्का म्हणाली. "समद्यांच्या फोनात हाय ती. तुमच्या एकट्याकडं न्हाई."

मी चहा केला. साखर जास्त पडली, तरी ती प्याली. मग ती सांगेल तिथं बोट लावत गेलो आणि आक्का ॲडमिन झाली. हिचं नाव तिनं काढलं नाही. म्हणाली, "मी काढली असं नको व्हायला. तुमीच बाहेर पडा." हिच्या फोनावरून मी पडलो. जुने आवाज होते तिथंच राहिले.

जाता जाता म्हणाली, "आता तुमच्या नंबरानं या."

"बायकांत मी कशाला?"

"चावीवर बाप्या आला की आमी त्येला पुढं घ्यायचो. दया म्हणून न्हाई. त्यो भरून गेला की आमाला बोलता येतंय म्हणून. तुमी पण घागर ठेवा आन् सुटा. एकटं ऱ्हाताय, कुणाला कळाय नको?"

आता माझ्या फोनावरून सकाळी मी घागर ठेवतो. बाकी काही टाकत नाही. थोड्याच दिवसांत त्या ग्रुपात सगळ्यांच्याच नुसत्या घागरी यायला लागल्या. सुनांचं नाही, म्हशींचं नाही. मी आक्काला विचारलं.

"दुसरा ग्रुप काढलाय," ती म्हणाली. "तुमी त्यात न्हाई."

"नवी सून?"

"ती हाय. लई बोलती." मग म्हणाली, "तुमच्या बायकूचे आवाज पण तिकडं न्हेल्यात आमी. नव्या पोरीला ऐकवलं, चावीवर कसं बोलायचं ते."

मी बरं म्हटलं. चावी चालू होती तेव्हाही बायको तिथं काय बोलायची, ते मला कधी कळलं नव्हतं.