छातीचं माप

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या या माणसाला अख्खी गल्ली मामा म्हणते. खरं तर तो एकाच मुलीचा मामा. पण ती मुलगी शाळा सुटली की दुकानाच्या दारात बसून "मामा, मामा" करत असते, त्यामुळे गिऱ्हाइकांच्याही तोंडात तेच बसलं. आता तर त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही त्याला मामा म्हणतात आणि तो निमूटपणे ओ देतो.

निमूटपणा हा त्याचा स्वभावच. नाकासमोर चालणारा माणूस. बोलायची वेळ आली की "बरं" म्हणतो आणि मशीनवर मान घालतो. दुसरा स्वभाव तंद्रीचा. पंख्याच्या वाऱ्याने हँगरवरचे गणवेश फुगायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा फुगायचे, आणि मामा हातातली सुई तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहायचा. त्याला वाटायचं, मुलं यायच्या आधीच कपडे श्वास घेऊन बघतायत. एकदा अशाच तंद्रीत त्याने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. त्या गिऱ्हाइकाने शर्ट नेला, महिनाभर वापरला आणि मग एक दिवस आरशासमोर उभं राहून त्याला शंका आली. मामाची आणि त्याची मैत्री तेव्हापासूनची.

माप घेण्याची मात्र त्याची रीत पक्की होती. शाळा उघडायच्या आधी पोरांची रांग लागायची. दुसरे शिंपी छातीभोवती टेप फिरवतात आणि आकडा लिहून मोकळे होतात. मामा दोनदा मोजायचा. "सोड श्वास. हां. आता भरून घे. अजून. थांब." दोन्ही आकडे वहीत लिहायचा आणि भरलेल्या आकड्यावर दोन बोटं सैल ठेवायचा. पोरं खदखदून हसायची, आया घड्याळं बघायच्या. पण त्याने शिवलेला कपडा कधी काखेत फाटला नाही की छातीवर ताणला नाही.

असं मोजतानाच त्याला आपल्या भाचीचं कळलं. तिला तो बॉबिन म्हणायचा, कारण मशीनमधल्या दोऱ्याच्या त्या छोट्या रिळासारखी ती एवढीशी होती आणि सतत गरगर फिरायची. बॉबिन सहा वर्षांची असताना पहिल्या गणवेशाचं माप घेताना त्याने तिला श्वास भरून घ्यायला सांगितलं, आणि टेप जेमतेम अर्धा इंच सरकली. बाकीच्या पोरांची दीड-दोन इंच सरकते. त्याने पुन्हा मोजलं. टेप बदलून मोजलं. मग दुकान बंद करून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली आणि दमा आहे म्हणाले.

मुलीचा बाप बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा घरी येणारा. आई, म्हणजे मामाची ताई, बसवर कंडक्टर. तिची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची. तेव्हा दुकानावरच्या दोन खोल्यांत या मायलेकी आणि मामा, असं घर. दम्याच्या औषधाचा निळा पंप कसा हलवायचा, पारदर्शक नळकांड्यात कसा दाबायचा, मनात किती मोजायचं, पळण्याआधी दोन वेळा घ्यायचा, हे मामाच शिकून आला. त्याने लोकरीची कामं सोडली. बॉबिन उठायच्या आत कापड कापून ठेवायचा, लादी ओल्या फडक्याने पुसायचा. दारात तिच्यासाठी खुर्ची टाकली होती, तिथे कापडाचे बारीक तंतू यायचे नाहीत. दोन वर्षं तिची टेप थोडी थोडी जास्त सरकत गेली. या वर्षी सव्वा इंच झाली, तेव्हा मामाने तो आकडा वहीत दोनदा गिरवला.

शाळेत मात्र नियम होता. औषध मुलांनी जवळ ठेवायचं नाही. ते मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या कपाटात राहणार, आणि ती खोली तिसऱ्या मजल्यावर. पंप मुलीजवळच हवा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. शाळेने ते पत्र व्यवस्थित भोक पाडून फाइलला लावलं. आणि जवळ ठेवायचा म्हटलं तरी ठेवणार कुठे? गणवेशाला खिसा नव्हता. काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी खिशातून जिवंत बेडूक निघाला, तेव्हापासून खिसे बंद. शाळेतल्या नमुन्याच्या फ्रॉकचा खिसा मामानेच उसवला होता. तेव्हाही तो "बरं" म्हणाला होता.

त्या मंगळवारी मैदानावर शर्यतींसाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. पांढरी पूड हवेत तरंगत होती. दुसऱ्या फेरीला बॉबिनच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. तिने कवायतीच्या सरांना विचारलं, वर जाऊन पंप घेऊ का? सर म्हणाले, फेरी पुरी कर, पंपाची सवय लागली की छाती कमजोर होते. तिने फेरी पुरी केली. पुन्हा विचारलं. सरांनी पाणी प्यायला लावलं, बसवलं, आणि तिला बोलता येईना तेव्हा वर जा म्हणाले. एकटीला. आठ वर्षांची पोर, तीन जिने.

घंटा वाजवणाऱ्या मावशी फडकं घेऊन उतरत होत्या. त्यांना ती दुसऱ्या मजल्यावर दिसली. कठडा धरून बसली होती, ओठ काळसर पडलेले, आणि डोळे मोठे करून वरच्या पायऱ्यांकडे बघत होती. मावशी उलट पावली धावल्या. मोठ्या बाईंच्या खोलीत मीटिंग चालू होती. मावशींनी दार न वाजवता उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा.

पंप मिळाला, मामा आला, दवाखाना झाला. संध्याकाळपर्यंत नाकातोंडावर मास्क लावून बॉबिन पडून होती. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं आणि मास्कमधून बारीक धुकं निघून त्या उन्हात विरत होतं. मामा ते धुकं बघत बसला होता. ते थांबलं की तो उठून तिच्यावर वाकायचा. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा तिने मास्क बाजूला केला.

"मामा, मी विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा."

मामाने मास्क पुन्हा नीट लावला. त्याला रडू आलं होतं, आणि ते तिला दिसू नये म्हणून तो बराच वेळ मास्कचा पट्टा सारखा करत राहिला. शाळेच्या नोंदवहीत त्या दिवशी लिहिलं गेलं: किरकोळ धाप लागली, पाणी दिले.

ताई संतापली होती. शाळेत मीच जाते म्हणाली. मामा म्हणाला, मी जातो, मला ओळखतात तिथे. "तू जाऊन काय करणार?" ताई म्हणाली. "बरं म्हणून परत येशील."

अगदी तसंच झालं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगायला हवं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी मामाला बसवलं, मुलीची चौकशी केली, आणि मग गोड आवाजात समजावलं की एकीला परवानगी दिली तर सगळे मागणार, पंप हातोहात फिरणार, काही झालं तर जबाबदारी कोणाची? बोलता बोलता त्यांनी पालकसभेसाठी एक कोट शिवायचा आहे म्हणून सांगितलं आणि उभ्या राहिल्या. मामाने माप घेतलं, बरं म्हणाला आणि तीन जिने उतरून घरी आला.

ताई त्याच्याशी बोलायची बंद झाली. पंप पोरीजवळ राहणार नसेल तर पोर शाळेत जाणार नाही, एवढं बोलून ती कामावर गेली. बॉबिन खुर्चीवर बसून शाळेत जाणारी मुलं बघायची. पहिले दोन दिवस तिने हात केले. तिसऱ्या दिवसापासून खुर्ची वळवून बसली.

मामाने कोट शिवायला घेतला. दुपारी बॉबिन दुकानामागच्या खोलीत खाटेवर झोपायची आणि तो दार उघडं ठेवून मशीन चालवायचा. तिचा श्वास ऐकू यावा म्हणून हळू चालवायचा. हळूहळू पाय तिच्या श्वासाबरोबर पडायला लागले. ती घ्यायची, टाका पुढे जायचा. ती सोडायची, टाका थांबायचा. तिच्या छातीत जरा घरघर झाली की सुई कापडात अडकल्यासारखी तिथेच राहायची. खोलीभर करडं कापड आणि करडा उजेड पसरलेला असायचा, आणि आपण कोट शिवतोय की त्या पोरीचा एकेक श्वास पुढच्याला जोडतोय, हे त्याला धड कळत नव्हतं. दोन दुपारी अशा गेल्या. कोट तयार झाला. दिसायला फार सुरेख झाला होता.

तो घेऊन मामा शाळेत गेला. मोठ्या बाईंनी कोट चढवला, चारही बटणं लावली आणि कपाटाच्या काचेत स्वतःला पाहिलं. खूश झाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि मावशींना हाक मारायला तोंड उघडलं, तर हाक अर्धीच निघाली.

"मामा, हा घट्ट झालाय हो. मला श्वास घेता येत नाहीये."

मामाने पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. सोडलेल्या श्वासाचा आकडा त्याने धरला होता, आणि वर दोन बोटं ठेवायची राहून गेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माफ करा म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"तसाच राहू द्या, बाई. खाली मैदानापर्यंत जा आणि जिने चढून परत या."

बाईंना वाटलं, मामा थट्टा करतोय. त्या हसायला गेल्या, पण कोटात हसायलाही जागा नव्हती. मामा हसत नव्हता. तो जागचा हलला नाही. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी घाईघाईने वरचं बटण काढलं, मग दुसरं, आणि टेबलाला हात टेकून एक लांब श्वास ओढला. खोलीत तेवढाच आवाज झाला.

"तुम्ही बटण काढलंत, बाई," मामा म्हणाला. "तिला काढायला बटण नव्हतं. तिचं बटण तुमच्या या कपाटात होतं."

बाई कपाटाकडे बघत राहिल्या. खाली कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते, ते वर येऊन खोलीत घुमत होते. मावशी दारात येऊन उभ्या होत्या, त्या जमिनीकडे बघत होत्या.

"दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचली होती ना ती?" शेवटी बाईंनी विचारलं. त्यांनी मावशींना विचारलं, आणि मावशींनी मान हलवली. इतक्या दिवसांत हा प्रश्न शाळेत कुणी विचारलाच नव्हता.

मग त्यांनी स्वतः किल्ली लावून कपाट उघडलं आणि तिथे परत ठेवलेला पंप मामाच्या हातात दिला. भिंतीवरचा नमुन्याचा फ्रॉक काढून टेबलावर पसरला. मामाने पंप त्यावर ठेवला आणि खडूने भोवती रेघ मारली. बाई म्हणाल्या, एकीपुरता खिसा लावून द्या, मी सही करते. बरं म्हणायची सवय मामाच्या ओठापर्यंत आली होती. ती त्याने गिळली. सगळ्यांनाच लावतो म्हणाला, नाहीतर तिच्या एकटीच्या खिशाकडे सगळे बघत राहतील. आणि डॉक्टर इथे येऊन सगळ्या शिक्षकांना पंप शिकवतील, कवायतीच्या सरांना पहिल्यांदा. बेडकाचं काय, बाईंनी विचारलं. मामा म्हणाला, बेडूक निघाला तर सोडून द्या.

ताईला घडलेलं कळलं तेव्हा ती आधी त्याच्याशी बोलली, मग हसली, मग डोळे पुसले. कोट मुद्दाम आवळलास ना, असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं. तंद्रीत राहिलं, एवढंच तो म्हणाला. खरं काय ते त्यालाही ठाऊक नसावं. कोट त्याने उसवून पुन्हा शिवून दिला. या खेपेला जरा जास्तच सैल झाला, पण बाईंनी तक्रार केली नाही.

बॉबिन सोमवारी शाळेत गेली. त्या दिवशी तिसरा तास कवायतीचा होता. मामाने सकाळपासून एक बाही चार वेळा लावली आणि चार वेळा उसवली. आत्ता पळत असेल, आत्ता चुन्याच्या रेघेपाशी आली असेल, असं त्याला मशीनच्या पांढऱ्या दोऱ्यात दिसत होतं. दुपारी शाळा सुटली. ती आली, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि पाणी प्यायली. तिला काही विचारायची त्याला हिंमत होईना. मग तीच सांगायला लागली. पळण्याआधी पंप घेतला होता, तरी दुसऱ्या फेरीला छातीत शिट्टी वाजली. ती बाजूला झाली, झाडाखाली ताठ बसली, खिशातून पंप काढून घेतला, मनात मोजलं. बरं वाटल्यावर उरलेली फेरी चालत पुरी केली.

"सरांना विचारलंस?" मामाने विचारलं.

"नाही," बॉबिन म्हणाली. "कुणालाच विचारलं नाही."