पाय घासत चला

आमच्या शाळेच्या फाटकासमोर श्रावणात पाणी साचायचं. पोरं उड्या मारत जायची, मी साडी वर धरून ग्रामपंचायतीच्या नावानं बोटं मोडत जायची, आणि आमच्याच शाळेतले एक सर पाय न उचलता, तळवे जमिनीवर घासत, पाणी ढकलत यायचे. मला पाहिलं की म्हणायचे, "मॅडम, पाय घासत चला." घोटाभर पाण्यात, तेही राज्याच्या पार पूर्व टोकाला, देवरीत. पायाखाली येऊन येऊन काय येणार, फार तर एखादा बेडूक.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेलच. माणसाच्या सवयीला आपण हसतो, ती कुठून आली ते विचारत नाही. मी तीन वर्षं हसले. आता त्याची लाज वाटते.

सर चोरखमारा गावातल्या ढिवराघरचे. वडील तलावात जाळं टाकून जगलेले. सरांना नोकरी लागली ती मात्र रत्नागिरीकडच्या एका समुद्रकाठच्या गावात, आणि आमच्याकडच्या मास्तरांचं तिकडे जे होतं तेच त्यांचं झालं. आंतरजिल्हा बदलीची वाट पाहण्यात नऊ वर्षं गेली. संध्याकाळी करमत नाही म्हणून ते वाळूत उभं राहून गळ टाकायला शिकले. ढिवराचं पोर, पाणी दिसल्यावर घरात कसं बसणार?

पाकट नावाच्या चपट्या समुद्री माशाचा विषय निघाला की सरांना शाळेची घंटा ऐकू यायची नाही. पहिलं पाकट गळाला लागलं तेव्हा त्यांना वाटलं, गळ खडकात अडकला. दोरी तोडायला निघाले, तर शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्यानं हात धरला. "अर्धा तास तळाले चिकटून बसलं होतं, मॅडम. मंग एकाएकी तो खडकच चालाले लागला." त्याच म्हाताऱ्यानं शिकवलं, की पाकट उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून निजतं, वरून दिसत नाही. म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. धक्का लागला की ते आपणहून सरकून जातं. पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतं.

वर्गात ते फळ्यावर पाकट काढायचे. परातीएवढं चपटं अंग, चाबकासारखी शेपटी, शेपटीवर करवतीच्या दातांचा काटा. पोरं विचारायची, "सर, त्याचं तोंड कुठं आहे?"

"खालतं. उलटं केलं तं हासून राहिल्यावानी दिसते."

पोरं खिदळायची. सर फळा पुसायचे आणि काटा सगळ्यांत आधी पुसायचे. हे मी पाहिलं होतं, पण त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

मग एके दिवशी खिचडीच्या तांदळाच्या खोलीत मला पायाला काहीतरी चावलं. साप की विंचू, ते शेवटपर्यंत कळलं नाही. स्वयंपाकीणबाईनं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पदर फाडून माझ्या पोटरीवर आवळायला घेतला. सर धावत आले आणि त्यांनी तिचा हात असा झिडकारला की ती पोत्यावर बसली. "बांधू नका. बांधू नका म्हणतो ना!" हा माणूस एरवी पोरावरसुद्धा आवाज चढवत नसे. मी मरते की काय, या भीतीपेक्षा मला त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

देवरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. बाजूच्या स्टुलावर बसून सरांनी तेव्हा सगळं सांगितलं.

कोकणातल्या सहाव्या वर्षी वडील त्यांच्याकडे आले होते. जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. स्वतः विणलेलं जाळं दोन दिवसांच्या प्रवासात मांडीवर घेऊन आले. दुसऱ्या सकाळी ओहोटीला दोघं पाण्यात उतरले. तलावाचा माणूस गाळात रुतू नये म्हणून पाय उंच उचलून टाकतो, बगळ्यासारखा. वडील तसेच निघाले.

"मले मालूम होतं, मॅडम. सांगाचं होतं, बाबा, पाय घासत चला. तोंडावर आलं होतं. पन ज्यानं मले पान्यात चालाले शिकवलं, त्याले मी काय शिकवू? मले लाज वाटली."

दहा पावलांवर वडील ओरडले. घोट्याजवळून रक्त आणि पाण्याखालून सरकत गेलेली एक काळी परात. म्हातारा कोळी सांगत होता, पाय सोसेल तेवढ्या गरम पाण्यात घाल. सरांना ते वेड्यासारखं वाटलं. आपल्याकडे काही चावलं की आधी बांधतात. त्यांनी वडिलांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि सगळा जोर लावून घोट्याच्या वर आवळला. होडी, रिक्षा, जीप करत दवाखाना गाठायला तीन तास लागले. तोवर पाय काळानिळा झाला होता. गाठ सुटेना म्हणून डॉक्टरांनी दुपट्टा कात्रीनं कापला. काट्यापायी पाय गेला नसता, म्हणाले, बांधल्यामुळे चालला. पुढे पाऊल कापावंच लागलं.

"डॉक्टरनं इचारलं, कोनं बांधलं? मी तोंड उघडाच्या आधी बाबा म्हनाले, मीनं बांधलं. मी चूप राहिलो. गावात, घरात, सबकडं तेच चालू आहे. आईलेबी तेच मालूम आहे."

मी पडल्यापडल्याच त्यांना झापलं. आईला सांगून टाका, म्हटलं, बाप जिवंत आहे तोवर सांगा, नाहीतर जन्मभर डोक्यावर घेऊन फिराल. ते म्हणाले, "तुमी संगं चाला. कोनी संगं असन तं बोलता येईन."

पुढच्या रविवारी चोरखमाऱ्याला गेलो. तलावाच्या पाळीवर सरांचे वडील, म्हातारबाबा, कुबडी बाजूला टाकून जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांची बोटं पाहण्यासारखी होती. गाठ मारायचे, चुकली तर एका झटक्यात सोडायचे. सरांच्या आई चहा घेऊन आल्या आणि मला ओळखही नसताना म्हणाल्या, "पाहा ना मॅडम, सवताच्या हातानं पाय घालवला या शहान्यानं. बांधाची काय गरज होती?" म्हणताना त्या पाहत होत्या मात्र सरांकडे.

"चुकलं बाई माहं," म्हातारबाबा हसून म्हणाले.

मी सरांना कोपरानं ढोसलं. त्यांनी कप खाली ठेवला, घसा खाकरला. म्हातारबाबांचे हात जाळ्यावर थांबले. आणि सर म्हणाले, "औंदा पानी बरं आहे तलावाले."

परतताना मोटारसायकलवर मला सरांचा राग आला होता. ते म्हणाले, "पुढच्या वेळी, मॅडम." त्यानंतर ते प्रत्येक रविवारी गेले. सोमवारी मी नुसतं पाहायची आणि ते मान हलवायचे, नाही.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारबाबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दहाव्याला मी गेले होते. तलावावर विधी चालू होते. सरांचं डोकं भादरलेलं, चेहरा ओळखू येत नव्हता. आईनं कनवटीतून कापडाचा एक चुरगळलेला तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. दुपट्ट्याचा तुकडा, एका बाजूनं कात्रीनं कापलेला. दुसऱ्या बाजूला गाठ तशीच. म्हातारबाबांनी तो कोकणातून पिशवीत घालून आणला होता, चांगलं कापड फेकायचं कशाला म्हणून.

"हे तुह्या बाची गाठ नाही," आई म्हणाली. "त्याची गाठ एका झटक्यानं सुटे. तो कोकनातून आला त्याच दिवशी मी वळखली."

सरांनी विचारलं, "मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली ना. सात वर्सं, तू घरी आला का, तुह्या मोऱ्हं बोलली. तुह्या बालेबी मालूम होतं, का मले मालूम आहे म्हून. आमी दोघंबी वाट पाहून राहिलो होतो, तू कदी सांगशीन म्हून."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मला स्वतःचाही राग आला. त्या रविवारी मी कोपरानं ढोसून गप्प बसले, तोंडानं बोलायला हवं होतं.

न्हाव्यानं आणि भटजींनी हाक मारली तसे सर तुकडा मुठीत धरून पाण्यात उतरले. पाय उचलले नाहीत. घासत, गाळ ढवळत, कमरेइतक्या पाण्यापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. काठावरचा एक म्हातारा ढिवर वैतागून म्हणाला, "मास्तर सबन पानी गढूर करून राहिला."

"करू दे त्याले," आई म्हणाली.