खिळ्याला न लागलेली किल्ली

"अर्धं झालं, भाऊसाहेब."

कल्याणहून त्याचा फोन आला की हे वाक्य ठरलेलं. पेशंट मोठ्या दवाखान्यात दाखल केला, कागदांवर सह्या घेतल्या, स्ट्रेचर पुसून गाडीत चढवलं, एवढं सांगून झालं की मी विचारायचो, "म्हणजे काम झालं ना? नीघ मग." त्यावर तो "अर्धं झालं" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. उरलेलं अर्धं काय, ते कधी सांगायचा नाही. परत आल्यावर खोदून विचारलं तर शर्टाच्या खिशातली गाडीची किल्ली चाचपायचा आणि "ते पण झालं" म्हणून हसायचा. तुमच्याही ऑफिसात असं हसणारं कोणीतरी असेल. माझ्यासारख्या माणसाला असलं हसू सहन होत नाही.

मी शहापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून आहे. तो आमच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. गाडीचं लॉगबुक माझ्याकडे. गाडी कधी निघाली, कुठून कुठे गेली, कधी परत आली, सगळं माझ्या अक्षरात. मी स्वभावानेच संशयी. बायको म्हणते, दुधाच्या पिशवीवरची तारीखही तुम्ही दोनदा वाचता. वाचतो. त्यात काय चुकलं, हे तिने अजून मला पटवून दिलेलं नाही.

गाडीच्या बाबतीत माझा एक नियम होता. टेबलामागच्या भिंतीवर खिळा आहे. त्या खिळ्याला किल्ली लागली की फेरी संपली आणि ड्रायव्हरची ड्युटीही संपली. तोवर तो कामावर. मग तो कल्याणला असो, नाहीतर दवाखान्याच्या फाटकात चहा पीत असो. किल्ली लागली की मी घड्याळ बघून परतीची वेळ लिहायचो. नियम मी केला म्हणून मला त्याचा अभिमानही होता.

आता तुम्हीच सांगा. कल्याणहून शहापूरला यायला सरळ हमरस्ता आहे. हा मात्र महिन्यातून चार-पाच वेळा मुरबाडकडून यायचा. दीड-दोन तास उशीर, किलोमीटर जास्त, आणि मधल्या वेळात फोन लागायचा नाही, कारण त्या डोंगरात रेंज नाही. विचारलं तर म्हणायचा, "रस्ता बरा हाय तिकडून." तो रस्ता मी पाहिलाय. त्याला बरा म्हणणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा नाही तर कोणावर घ्यायचा?

एकदा मी गाडी तपासायला गेलो. सीटखाली चपलांचे दोन जोड निघाले. एक पुरुषाचा, एक म्हातारीचा असावा.

"पॅसेंजर भरतोस काय रे गाडीत?" मी विचारलं.

"पॅसेंजर चपला टाकून कशाला जाईल, भाऊसाहेब?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणून माझा संशय आणखी वाढला. त्या दिवसापासून मी लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने लिहायला लागलो. 'मार्गाबाहेर.' 'विनाकारण विलंब.' तो शेरा वाचायचा, सही करायचा आणि पेन परत देताना विचारायचा, "चहा सांगू का?"

माणूस म्हणून वाईट नव्हता. झोळीत घालून आणलेल्या म्हाताऱ्याला तो एकटा उचलून गाडीत असा ठेवायचा की त्याचं कण्हणंसुद्धा थांबायचं. अपघाताच्या केसमध्ये रक्त थांबवताना पेशंटशी भाताच्या लावणीबद्दल बोलत राहायचा. नर्सबाई म्हणायच्या, याचा हात डॉक्टरपेक्षा हलका आहे. मी म्हणायचो, हात हलका असेल, पण माणूस सरळ नाही. हे मी चारचौघांत म्हणायचो, आणि आज मला त्याची लाज वाटते.

वैशाखातली गोष्ट. सकाळीच एका डोंगरपाड्याच्या पायथ्याहून दम्याची पेशंट घेऊन तो कल्याणला गेला. सोबत तिचा नवरा. अकराच्या सुमारास फोन आला.

"बाई गेली, भाऊसाहेब. दवाखान्याच्या दारातच गेली. नवरा तिच्यापाशी थांबलाय."

"अरेरे. बरं, तू ये आता."

"अर्धं झालं," तो म्हणाला. आवाज रोजचा नव्हता. हसणंही नव्हतं.

दुपारी तीनपर्यंत गाडी आली नाही. मी लाल पेनाने शेरा लिहून मोकळा झालो. चारला मुरबाडकडून निरोप आला. गाडी डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता संपतो तिथे उभी होती. तो वरच्या पाड्याच्या पायवाटेवर, एका दगडाला टेकून, बसल्या जागी गेलेला सापडला. छातीत कळ आली असावी. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेत पोचवलेल्या माणसाला पोचवायला तिथे कोणी नव्हतं.

शेजारी बायकांच्या चपलांचा एक जोड होता.

त्या जोडाने जे करायचं ते केलं. दवाखान्याच्या फाटकातल्या टपरीवर दुसऱ्या दिवशी हाच विषय होता. पाड्यावर कोणीतरी असणार. चार वर्षं जात होता म्हणे. कोणी म्हणालं, पेशंट गेली ते सांगायला गेला असेल. त्यावर मीच म्हणालो, "निरोप द्यायला कोणी डोंगर चढतं का? आणि निरोपाला चप्पल कशाला लागते?" लोक हसले. मीही हसलो असेन.

वरच्या ऑफिसातून पत्र आलं. मृत्यू कामावर असताना झाला की खाजगी कारणाने मार्ग सोडला असताना झाला, याचा अहवाल लॉगबुकासह पाठवावा. घरच्यांना मिळायच्या पैशाचं त्यावरच ठरणार होतं. लॉगबुक उघडलं तर पानोपानी माझंच लाल अक्षर. त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा शोधायची कोणाला गरजच नव्हती.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. वंदना झाली, दोघंतिघं चांगलं बोलले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती आणि बोलणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघत होती. हा खरं बोलतोय का, एवढंच ती तपासत होती. ती नजर मी ओळखली, कारण ती माझीच होती.

आठवड्याने त्याची बायको, आमच्या वहिनी, ऑफिसात आल्या. पोलिसांकडून मिळालेली पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली, आणि त्या चपला. निळ्या पट्ट्याच्या, एक पट्टा तारेने बांधलेला.

"किल्ली सरकारी आहे, वहिनी," मी म्हणालो. "ती जमा करावी लागेल."

त्यांनी किल्ली मुठीत धरली. "आदी सांगा, ह्या चपला कोनाच्या?"

"बहुतेक निरोप द्यायला गेला असेल," मी म्हणालो. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता आणि ते त्यांना दिसलं.

"भाऊसाहेब, पैशाचं काय ते नंतर बघा. चार वर्षं मी जेवायची थांबायची. रातीला येऊन गार भात गप खायचे. कुठं होते विचारलं तं म्हनायचे, काम होतं. मला त्यांचं नाव काढून रडायचंय. नाय रडता येत. आदी कळूद्या."

मी जबाब घ्यायला दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाणार होतो, ते सांगितलं. "मी येते," त्या म्हणाल्या. "ती कोन हाय, मला बघू द्या." मी नको म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाही ती बघायची होती.

सकाळी निघालो. नवा ड्रायव्हर, मी आणि वहिनी. दुसऱ्या किल्लीवर तीच गाडी. चपला वहिनींच्या मांडीवर, पिशवीत. रस्ता संपला तिथे ड्रायव्हरने मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. आम्ही तिघं पायवाटेने चढायला लागलो.

अर्ध्या वाटेत वरून माणसं उतरताना दिसली. सात-आठ बाया, मागे दोन म्हातारे. एकीने तोंडात पदराचा बोळा धरला होता आणि दोघींनी तिला दंडाला धरून आणलं होतं. सगळ्यांत पुढे एक म्हातारी. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोन गेला?" तिने विचारलं.

मला कळेना. "कोणी नाही. आम्ही चौकशीला आलोय."

"हिची पोर बालंतपनाला कल्यानला हाय. ती गेली का?"

"नाही हो. मला तिचं काहीच माहीत नाही."

म्हातारी मटकन खाली बसली आणि मग तापली. "मंग हारन का नाय वाजवला रे? दवाखान्याची गाडी येते, हारन नाय, मानसं गप चालत वर येतात. आमी काय समजाचा?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हातारीकडे. मग ती सांगत गेली आणि मी हातातला जबाबाचा कागद तसाच धरून उभा राहिलो.

पाड्यावर रेंज नाही. पेशंटबरोबर घरचं एक माणूस जातं, बाकीच्यांना चार-चार दिवस काही कळत नाही. तो परत येताना खाली गाडी थांबवायचा आणि दोनदा लांब हॉर्न वाजवायचा. म्हणजे पेशंट पोचला, जिवंत आहे. मग पाड्यावर चुली पेटायच्या. बाळंतीण सुटली तर सायरन. मुलगा का मुलगी, ते सायरनमध्ये सांगत नाही म्हणून बायका त्याच्यावर चिडायच्या. तो खालून ओरडायचा, "घरी आली की बघा."

"आनि मेला तं?" मी विचारलं. मीही तिच्यासारखंच बोलून गेलो.

"मेल्याची बातमी हारननं नाय देत. तवा तो चालत वर यायचा. जवल बसून सांगायचा."

तिने पायवाटेच्या कडेच्या दगडावर हात ठेवला. "माझी सून गेली त्या दिशी गाडी दिसली. हारन नाय. मला कललं. आमी रडाया बसलो. तो येल, सांगल, म्हनून वाट बघली. आला नाय. लय वेल झाला तवा खाली उतरलो. हितं बसलेला. आमी वर सुनेसाठी रडत होतो आनि तो हितं एकला. आदी उतरलो असतो तं."

वहिनींनी पिशवीतून चपला काढल्या. काही विचारायची गरजच पडली नाही. म्हातारीने त्या ओढून घेतल्या, तारेच्या गाठीवरून बोट फिरवलं आणि पदराने पुसायला लागली.

"सुनेच्या हायेत. गाडीत चडताना काडून ठेवल्या रस्त्यात. आमची सगली काडतात. पांडरी गाडी, आत माती कशाला? मंग कल्यानला उघड्या पायानं फिरतात. तो मागून गोला करायचा, ज्याच्या त्याच्या घरी आनून द्यायचा."

सीटखालचे ते दोन जोड मला आठवले. पॅसेंजर चपला टाकून कशाला जाईल, भाऊसाहेब. माझ्याच लॉगबुकात पेशंट कुठून उचलला तो रकाना होता. खर्डीचा, कसाऱ्याचा पेशंट असला की तो हमरस्त्याने आला होता. मुरबाडकडून आला तो फक्त या डोंगरातला पेशंट असला तेव्हाच. दोन रकाने शेजारी शेजारी होते. दुधाची तारीख दोनदा वाचणाऱ्या मला चार वर्षांत ते एकदाही वाचता आलं नाही.

वहिनी म्हातारीशेजारी बसल्या. त्यांच्या मनात अजून थोडं उरलं होतं. "इथं कोनाकडं जेवायचे का ते?"

"जेवान? पानी बी उभ्यानं प्यायचा. थांब म्हनला तं म्हनायचा, घरवाली जेवायची थांबली असंल."

तेव्हा वहिनी रडल्या. त्याचं नाव घेऊन रडल्या, मोठ्याने. म्हातारी सुनेचं नाव घेऊन रडली. आम्ही दोघं पुरुष बाजूला उभे राहिलो. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जबाब लिहून झाले. निघताना म्हातारी म्हणाली, "जाताना वाजवा हो. खालच्या पाड्याला बी गाडी दिसली असंल. त्यांचा जीव टांगनीला नको." ड्रायव्हर आत बसला, पण वहिनी त्याच्या खिडकीशी आल्या आणि हात आत घालून त्यांनीच हॉर्न दाबला. दोनदा, लांब. वरच्या वाटेवरच्या बायकांनी हात वर केले.

ऑफिसात आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अहवालात मी लिहिलं, लाल शेरे माझे आहेत आणि ते चुकीचे आहेत. ड्रायव्हर मार्गाबाहेर नव्हता, निरोप पोचवणं हा त्याच्या फेरीचाच भाग होता. पाड्याचे जबाब सोबत जोडले आहेत. वरून अजून उत्तर आलेलं नाही. ते काय येईल याबद्दल मला शंका आहे, ती माझी सवय.

अहवाल लिहून होईपर्यंत वहिनी बाकावर बसून होत्या. मग उठून टेबलाशी आल्या आणि मूठ उघडली. किल्ली त्यांच्या घामाने ओली झाली होती.

"कुठं लावायची?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांनी टाचा उंचावून किल्ली खिळ्याला लावली. मी लॉगबुक काढलं. त्याच्या शेवटच्या फेरीपुढे परतीच्या वेळेचा रकाना इतके दिवस रिकामाच होता. घड्याळ बघून मी निळ्या पेनाने वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं, आणि पुढे आजची तारीख घातली.

"झालं का काम?" वहिनींनी विचारलं.

"झालं, वहिनी," मी म्हणालो. "आत्ता झालं."