आत्यानं मला मायकडे नेलं

माझ्या माय-बाबांची फारकती झाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा आलापल्लीला जंगल खात्यात नाकेदार होते. एका दुपारी शाळेतून घरी आले तर वलणीवर मायचं एकही लुगडं नव्हतं.

"वडशाले गेली, भावाकडे. पुन्हा तिचं नाव काढू नको," एवढंच बाबा म्हणाले.

त्यानंतर मी धड वागलेच नाही. शेजारणीशी भांडायची, जेवणाचं ताट सरकवून द्यायची. बाबांना काही सुचेना. त्यांनी आपल्या विधवा बहिणीला बोलावून घेतलं. ती आली त्याच दिवशी मी पाण्यानं भरलेला माठ उंबऱ्यावर आपटला. मला वाटलं, आता मार बसणार.

आत्यानं खापऱ्या गोळा केल्या, उखळात धान ओतलं आणि माझ्या हाती मुसळ दिलं. "कांड. दमल्यावर सांग, राग कोनावर आहे."

दमल्यावर मी म्हटलं, "साऱ्यायवर."

"सारे म्हंजे कोन? एकेकाचं नाव घे."

मग रोज तेच. मी बाबांना बोलले, फारकती करून देणाऱ्या पंचांना बोलले, खुद्द आत्यालाही बोलले. तिनं एकदाही भावाची बाजू घेतली नाही. सूप पाखडत ऐकायची आणि मी थांबले की विचारायची, "अजून कोन?"

महिनाभरानं माझ्या तोंडून निघालं, "माय. तिनं मले संगं नेलं काऊन नाई?" मुसळ टाकून मी रडत सुटले. आत्यानं मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "याचं उत्तर मले मालूम आहे. पन ते तू तिच्याच तोंडून आयक."

आत्या मला मायकडे नेणार हे कळताच बाबा भडकले. आत्या शांतपणे म्हणाली, "भाऊ, फारकती तू घेतली. पोरीनं नाई घेतली."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लाकडाच्या ट्रकमधून चांद्याला आणि तिथून छोट्या रेल्वेनं वडशाला गेलो. माय अंगणात धान वाळवत होती. मला पाहून उठली, पण जवळ यायला धजेना. मी जागच्या जागीच तिला माझा प्रश्न विचारला.

मायनं आत्याकडे बोट केलं. "फारकतीच्या वक्ती बाई होत्या तिथं, विचार त्यायले. मी तीनदा मागतलं तुले. पंच म्हनले, पोरगी बापाची."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "मी आयकलं अन् चूप बसली. माझी चुकी झाली."

मोठं माणूस आपली चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मायच्या गळ्यात पडले.

राग काही एका दिवसात गेला नाही. बाबांनीही आम्हा दोघींशी बरेच दिवस अबोला धरला. एका सकाळी बूट चढवताना मात्र त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "बरी आहे ना ती, वडशाले?" त्या उन्हाळ्यात ट्रकवाल्याला सांगून त्यांनीच मला वडशाला पाठवलं.

माझ्या लग्नाला दोघंही आले. एकमेकांशी बोलले नाहीत, पण अक्षता दोघांनीही टाकल्या. हे सगळं तिच्यामुळे झालं, असं मी आत्याला त्याच मांडवात सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.