ऐंशीच्या पुढे न जाणारी गाडी

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात, दुकानात होतो. धुळ्याहून त्याचा मुलगा विवेक बोलत होता, "काका, नाना गेले... तुम्ही या, आम्ही थांबतो." तसाच गाडीत बसलो. हायवे मोकळा होता, पाय पार तळाला टेकला होता आणि गाडी काही ऐंशीच्या पुढे सरकेना. पारोळ्याजवळ तर टेम्पोसुद्धा मला मागे टाकून गेले. पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. "मंडळी थांबेनात काका," विवेक रडत म्हणाला. इतक्या वर्षांच्या मित्राचं तोंडही पाहायला मिळालं नाही. गाडीला शिव्या घालतच मी परत आलो.

प्रल्हाद शाळेत इंग्रजी शिकवायचा, माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. गाडीतलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. पण माझी गाडी, तेव्हा नवीच होती, ऐंशीवर गेली की टुकटुक वाजायची आणि माझं डोकं उठायचं. केबलने लॅपटॉप जोडला की असल्या गोष्टी घरच्या घरी बदलता येतात, हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. मग काय, दर रविवारी माझी गाडी त्याच्या पोर्चमध्ये! सुरुवातीला आम्ही भलतंच काही दाबलं आणि कोरड्या काचेवर वायपर नाचायला लागले, थांबेचनात. तेव्हापासून नियम ठरला. जुना आकडा एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच नवा लिहायचा. दुसऱ्याच्या गाडीत एकट्याने हात घालायचा नाही. नियम त्याचाच, मास्तर ना! टुकटुक बंद झाली त्या दिवशी आम्ही झणझणीत शेवभाजी खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात गाडी एकाएकी दमली, ऐंशीच्या पुढे जाईना. मी डिझेलवर संशय घेतला, पंप बदलला, फिल्टर बदलले. प्रल्हाद प्रत्येक वेळी सोबत. केबल लावायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "फॉल्ट एक बी नही शे भो. गाडी म्हतारी व्हई गयी, तुनासारखी." मी हसायचो... त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवणार?

तेराव्यानंतर विवेकने तो लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. घरी आणून पहिल्यांदाच एकट्याने गाडीला जोडला. कमाल वेगाच्या रकान्यात ऐंशी लिहिलेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं. गाडीत बिघाड नव्हताच, तिला बांधून ठेवलं होतं, म्हणून फॉल्ट दिसत नव्हता. चहा घेऊन आलेल्या बायकोचा, सुनंदाचा चेहरा पडला. साक्रीहून येताना माझ्या वेगापायी आम्ही ट्रकखाली जाता जाता वाचलो, तेव्हा ती शेजारी बसली होती. तिनेच प्रल्हादला फोन केला होता. पुढच्या रविवारी त्याच्या घरी मी आत जेवत होतो आणि प्रल्हादने बाहेर काम उरकलं. "त्याला कळलं की माझ्याकडे पाठवा, आमचं आम्ही भांडून घेऊ, असं म्हणाले होते ते," सुनंदा म्हणाली.

विश्वासघात... मला दुसरा शब्द सुचत नाही. माझ्या भल्यासाठी केलं म्हणे! मग तोंडावर सांगायचं होतं, चार शिव्या खायच्या होत्या. फिल्टर बदलताना शेजारी उभं राहून मान कसली हलवत होता? त्याच आकड्यापायी त्याचं शेवटचं दर्शन हुकलं माझं. आणि भांडायला पाठवा म्हणणारा माणूस स्वतःच निघून गेला.

परवा धुळ्याला गेलो. ऐंशीनेच गेलो. तो आकडा काढायला फार वेळ लागत नाही, पण हात धजत नाही. वहिनींनी दार उघडलं. "उशीर केला भाऊ? जेवण निवलं की!"

"तुमच्या नवऱ्याला विचारा!" मी फाडकन बोलून गेलो.

वहिनींनाही सगळं ठाऊक होतं. मग नेहमीच्या सवयीने आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाल्या, "अहो, ऐकलं का? भाऊ आलेत भांडायला..."

आणि आतून काहीतरी उत्तर येईल म्हणून आम्ही दोघंही दारातच उभे राहिलो.