अजून हाक आली नाय

शहागंजात घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत. जन्मानं ते आमच्यासारखे ख्रिस्ती नव्हेत, पण तीस वर्षं चर्चच्या शेवटच्या बाकावर बसतात. पाळकांनी दर ईस्टरला "यंदा बाप्तिस्मा घ्यायचा का?" असं विचारलं की हात जोडतात, "नाय साहेब, अजून हाक आली नाय."

गुरुवारी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. मी घाबरून दुकान गाठलं. "काका, त्याआधी बाप्तिस्मा उरकून घ्या."

डोळ्यावरची भिंगाची नळी काढत ते म्हणाले, "उरकायला ती काय अंघोळ आहे व्हय? सोळाव्या वर्षी तुम्ही चर्चमधी साक्ष दिली, देवानं तुम्हाला नावानं हाक मारली म्हणून. तशी हाक आली की लगेच पाण्यात उतरतो."

आमच्या घरात साक्षही पँटसारखीच थोरल्याची धाकट्याला मिळायची. ती साक्ष दादाची होती. मी फक्त नाव बदललं होतं. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच काकांनी स्टूल जवळ ओढलं.

"भाऊ, कसा होता हो तो आवाज? लई इच्छा आहे एकदा ऐकायची."

मी सांगितला. घाबरून, पहिल्यापेक्षा गोड करून सांगितला.