लघवीनंतरचा आकडा

कल्पना करा, तुम्हाला लघवीला जायचं आहे. एवढंच काम. पण दर वेळी उठता उठता छाती धडधडणार, डोकं फुटायला येणार, दरदरून घाम सुटणार. आणि दहा मिनिटांत सगळं असं निवळणार की डॉक्टरला दाखवायला काही उरणारच नाही.

मुलुंडच्या चाळीतली नलिनी १९८३पासून हे काम दिवसातून पाच-सहा वेळा करत होती.

सासूबाई कृष्णाबाईंचं निदान पहिल्याच आठवड्यात तयार होतं. "संडास बांधताना पिंपळ तोडलो. थंयच्या राखणदार देवाचो राग हो!" रविवारी संडासाच्या दारात नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराक सुखान मुतूक दी रे म्हाराजा!" मागे डबे घेऊन रांगेत उभी असलेली चाळ एका सुरात म्हणाली, "होय म्हाराजा!" राखणदार फारच प्रसन्न झाला असावा. नलिनी भावाकडे अंधेरीला गेली, तर तो तिथेही सोबत आला.

नाक्यावरचे डॉक्टर शिकलेले होते. त्यांनी राखणदाराला 'मन' म्हटलं. बाकावर अर्धा तास बसून शांत झालेल्या नलिनीचा रक्तदाब ते मोजायचे. "एकशेवीस-ऐंशी. झकास! टेन्शन घेऊ नका, बाई." आणि झोपेच्या गोळ्या.

"बघ, नाटक पुरे गं आता," नवरा बळवंत म्हणायचा.

नलिनी कारखान्यात दाब मोजायचे प्रेशर गेज तपासायची. तीन वर्षांनी एकदा ती दवाखान्यात म्हणाली, "डॉक्टर, मी आधी लघवीला जाऊन येते. आल्या आल्या मोजा."

"त्याने काय होणार?"

"दाब न देता आम्ही गेज पास करत नाही."

ती भिंत धरत परत आली. पारा दोनशेतीसवर. डॉक्टरांनी यंत्र बिघडलं म्हणून दुसरं मागवलं. तेही तितकंच बिघडलेलं निघालं.

मोठ्या हॉस्पिटलात मूत्राशयाच्या भिंतीत सुपारीएवढी गाठ सापडली. मूत्राशय आवळलं की ती पिळली जायची आणि रक्तात दाब चढवणारं हार्मोन सोडायची. सर्जन इतके खूश झाले की वीस विद्यार्थ्यांना घेऊन आले. बळवंत चाळीत सांगत सुटला, "आमच्या हिची गाठ म्हणजे लाखात एक!"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर रत्नप्रभा कागद भरत होत्या. "माहेरी कुणाला असा त्रास होता?"

"आई मागीलदारी लघवीला गेली की घामाघूम होऊन यायची. एक दिवस तिथेच पडली. बेचाळीस वर्षांची. गाव म्हणालं, तिथल्या देवचाराने, भुताने, नेली."

रत्नप्रभांनी 'आई' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"माझी मुलगी बारा वर्षांची आहे, डॉक्टर," नलिनी म्हणाली. "तिला केव्हा तपासायचं?"